पॉलिश

गोरा साहेब विलायतेला परतला, तेव्हा यवतमाळातला त्याचा बंगला आमच्या शेजाऱ्यांनी विकत घेतला आणि बायकोला घेऊन स्वतः राहिले मागच्या तबेल्यात. “वापरलं का घर खराब होते,” म्हणायचे. साहेबाच्या सागवानी मेज-खुर्च्यांना सारखं पॉलिश चाललेलं. आम्हाला चपला फाटकाशीच काढाव्या लागत.

काकू म्हणायच्या, “एखांद्या दिवशी मले व्हरांड्यात बसून चहा तर पिऊ द्या.”

“पेजो ना. पॉलिश वाळू दे.”

मला त्यांचा राग यायचा. बंगला मात्र देखणा राहिला.

काकू गेल्या. त्यानंतर ते रोज सकाळी व्हरांड्यातल्या मेजावर काकूंचा चहा ठेवत आणि स्वतः पायरीवर बसत. गरम कपाने पॉलिशवर पांढरा गोल डाग पडला होता. तो त्यांनी कधी पुसला नाही.