डॉक्टरांच्या सीटची उंची

पन्नाशी उलटली तरी त्याला सगळे कंपाउंडरच म्हणायचे, आणि यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. बाप डॉक्टर, म्हणून मुलगा कंपाउंडर. डॉक्टर म्हणजे पंपांचे. बिघडलेल्या पंपाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, खालचं बेअरिंग गेलं. उघडून पाहावं तर खालचंच बेअरिंग गेलेलं असायचं. ऐंशीला टेकलेल्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बापाचे कान असे शाबूत आहेत याचा कंपाउंडरला अभिमान होता आणि थोडी असूयाही. तोच स्क्रूड्रायव्हर त्याने तीस वर्षं कानाला लावून पाहिला होता. त्याला फक्त घरघर ऐकू येई.

दोघे रोज पिकअपमधून कामाला निघत. डोंगरावरच्या वस्त्यांचा रस्ता म्हणजे नुसते धोंडे, आणि त्या धोंड्यांनी वर्षभरात तीनदा गाडीचं ऑइल चेंबर फोडलं. तिसऱ्या खेपेला गाडी वाटेतच बसली आणि वरची वस्ती दोन दिवस पाण्यावाचून राहिली. तेव्हा कंपाउंडरने ठरवलं, गाडी तीन इंच उचलायची. एक नाही, दोन नाही, तीन.

गॅरेजच्या मिस्त्रीने त्याला तीन प्रकार दाखवले. एक, लोखंडी ठोकळे. एकदा बसवले की गाडी जन्मभर तेवढीच उंच. दुसरा, आटे पाडलेले शॉकअब्जॉर्बर. पान्याने चकती फिरवली की उंची कमीजास्त होते, पण त्यासाठी गाडी गॅरेजातच आणायची. तिसरा, रबरी फुगे. बटण दाबलं की छोटा पंप हवा भरतो आणि गाडी वर जाते, हवा सोडली की खाली येते. हे तिसरं कंपाउंडरने नाक मुरडून बाजूला सारलं. असली थेरं मिरवायच्या गाड्यांना ठीक, पाइप वाहणाऱ्या गाडीला नाहीत. आट्यांचं किट नक्की झालं. जेवताना त्याने बाबांना विचारलं, तेव्हा त्यांनीही मान डोलावली. म्हणाले, तीनच घे, कमीत भागणार नाही.

मिस्त्रीची एक पद्धत होती. रिकाम्या गाडीचं माप तो घेत नसे. रोज जेवढं वजन असतं तेवढं भरून आणा, मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजू, असं त्याचं म्हणणं. कंपाउंडरने काहीही सोडलं नाही. पाइप, चेनपुली, दोन जुन्या मोटारी, हत्यारांची पेटी, पाण्याचा कॅन, इतकंच काय, सीटमागची मोडकी छत्रीसुद्धा. बाबांना मात्र तो म्हणाला, नुसतं मोजायचंय, तुम्ही कशाला धक्के खाता.

मिस्त्रीने चारही चाकं मोजली, मग पुढची दोन पुन्हा मोजली. ड्रायव्हरशेजारच्या बाजूची स्प्रिंग अर्धा इंच दबलेली होती.

"इथे रोज कोण बसतं?"

"बाबा. गाडी घेतल्यापासून. पंधरा वर्षं झाली."

"मग त्यांना का नाही आणलंत? रोजचं वजन आणा म्हटलं होतं ना मी?" टेप गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "आणि ते चढतात कसे?"

बाबा चढत तेव्हा कंपाउंडर नेहमी मागे ताडपत्री बांधत असे. ऑपरेशननंतर कोणी दंडाला धरलेलं बाबांना खपत नसे, म्हणून तो पाहायचाच बंद झाला होता. खाली पायरी लावावी, असं त्याने सुचवलं. मिस्त्री म्हणाला, पहिलाच धोंडा ती उखडून नेईल.

बाबांना आणायला तो घरी गेला. मागच्या अंगणात एक ओटा होता, बरोबर गाडीच्या दाराच्या उंबऱ्याइतका उंच. बाबांनी ओट्यावर इंच-इंच जाडीच्या दोन फळ्या रचल्या होत्या. खिडकीचे गज धरून ते त्यावर चढले. उतरले. तिसरी फळी ठेवली. पाय अर्ध्यावर आला आणि परत गेला. दम घेऊन त्यांनी पुन्हा पाय उचलला. पुन्हा तेच.

कंपाउंडर आडोशाला उभा होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. मोडक्या छत्रीची आठवण ठेवणारा माणूस बापाला विसरला होता. आणि बाप तक्रारीचा चकार शब्द न काढता तीन इंचांचा सराव करत होता. उद्या ती सीट रिकामी राहिली तर डोंगरावर आपण नुसती घरघर ऐकत बसणार, आणि घरी हे कान असेच पडून राहणार, हे त्याला लख्ख दिसलं. तो पावलं न वाजवता मागे फिरला आणि पुढचं दार मुद्दाम आपटून आत आला. बाबा गुडघे झटकत मागच्या अंगणातून आले. फळ्या निवडत होतो म्हणाले.

बाबांना घेऊन तो परत गेला आणि माप झाल्यावर मिस्त्रीला बाजूला घेऊन त्याने फुगे मागितले. मिस्त्री भला माणूस. हसला नाही.

आठवड्याने तयार गाडी दारात उभी राहिली. बाबांनी आधी हवेच्या पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले आणि निकाल दिला: वॉशर हलका आहे, वर्षभर चालेल. मग कंपाउंडरने बटण दाबलं. हवा फुसफुसत सुटली, गाडी खाली येत येत अगदी पूर्वीच्या उंचीला टेकली.

"एवढी खाली कशाला घेतोस?" डॉक्टर म्हणाले. "दोन फळ्यांपर्यंत जमतं मला."

कंपाउंडरने गाडी दोन इंच वर घेतली. ताडपत्री केव्हाच बांधून झाली होती. तरी तो मागे गेला, आणि दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत तीच गाठ सोडत-बांधत राहिला.