मोठी अक्षरं बाहेर

आक्का गेली त्या दिवशी सकाळपासून ती दोघांशी भांडली आणि दोन्ही भांडणं जिंकूनच गेली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पेपरात भलतंच छापून आलंय.

पहिलं भांडण किराणावाल्या शेठशी. तो सकाळी सकाळी स्वतः घरी आला, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे आक्काला तो उंबऱ्यावर दिसला तेव्हाच कळलं. एरवी तो माणूस गल्ला सोडून उठत नाही, शिंक आली तरी गल्ल्यावर हात ठेवून शिंकतो.

आक्का आणि तिची धाकटी बहीण दोघी मिळून रद्दीच्या पेपरच्या पिशव्या करायच्या. पुढच्या खोलीत छताला लागेल एवढी रद्दी, मधे खळीचं पातेलं, आणि उरलेल्या जागेत दोघी गुडघ्याला गुडघा लावून. आक्का घडी घालायची, धाकटी खळ लावायची. वाळल्या की गठ्ठा बांधायचा आणि शेठच्या दुकानात टाकायचा. नवरा गेल्यावर आक्कानं पोराला ह्याच पिशव्यांवर वाढवलं. त्याला सगळी गल्ली बारक्या म्हणायची, आणि बारक्या असा की दारातून वाकल्याशिवाय आत येता यायचं नाही. तो लढाईवर गेला.

"आक्का, आता पुरे झालं," शेठ म्हणाला. "ती मोठी अक्षरं आत घाला. नाहीतर उद्यापासून मी प्लॅस्टिक वापरतो."

"वापर की. कोण अडवतंय?"

"मला काल दोघं येऊन दम देऊन गेले. म्हणे तुझ्या दुकानात लढाईची चेष्टा चालते."

"चेष्टा मी केली? मी एक अक्षर लिहिलंय का पिशवीवर? पेपरवाल्यांनीच छापलं, त्यांनीच विकलं, मी नुसती घडी घातली!"

 

आता ही मोठ्या अक्षरांची भानगड काय, ते सांगते. पिशवी करताना पेपरची मोठी अक्षरं आत जातील अशी घडी घालायची, बाहेर बारीक मजकूर ठेवायचा, म्हणजे पिशवी दिसायला बरी. सगळे असंच करतात. आक्काही आधी तसंच करायची. शिवाय पानाची वरची कड ती कात्रीनं कापून टाकायची, कारण रद्दीची कड फाटकी असते, तिथं खळ धरत नाही. आणि पेपरची तारीख नेमकी त्याच कडेला असते. तिच्या काय लक्षात येणार? इतकी वर्षं तारखेचं काम कधी पडलंच नव्हतं.

तर झालं असं, की उन्हाळ्यात एके सकाळी रद्दीवाला गठ्ठा टाकून गेला आणि त्याच वेळी शेजारणीनं आपला वाचून झालेला आजचा पेपरही आणून दिला. दोन्ही एकात मिसळले. आक्का कडा कापत बसली होती. कापता कापता तिच्या हातात एक पान आलं आणि ती थांबली. तिला एकेक अक्षर लावून वाचावं लागायचं. तिनं लावलं. 'आपली पोरं परतीच्या वाटेवर.'

मग काय! कात्री एकीकडे, आक्का दुसरीकडे. ती तशीच उठली, तोंडावर पाणी मारलं, चांगले कपडे घातले आणि गल्लीभर सांगत सुटली. गल्लीतून अजून तिघींची पोरं गेली होती. त्या आयाही निघाल्या. सगळ्या बायका बसस्टँडवर. येईल त्या बसच्या दाराशी उभ्या, उतरेल त्या उंच माणसाकडे बघतायत. ड्रायव्हरला विचारतायत, कंडक्टरला विचारतायत. शेवटी पेपरच्या स्टॉलवाल्यानं आक्काच्या हातातलं पान घेतलं आणि उलटं केलं.

मागच्या बाजूला स्वेटरचा सेल होता. आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"मावशी, हा गेल्या थंडीतला पेपर आहे," तो हळूच म्हणाला.

परत येताना बायका आक्काला मागं टाकून पुढं चालत राहिल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी आल्यावर धाकटी घाबरून बघत होती, की आता ही रडणार. आक्का रडली नाही. तिनं तो स्वेटरवाला पेपर आणि शेजारणीनं दिलेला आजचा पेपर, दोन्ही खाली मांडले, शेजारी शेजारी.

"धाकटे, बघ. ह्याच्यात शत्रूचं कंबरडं मोडलं. ह्याच्यातही मोडलं. ह्याच्यात विजय हाकेच्या अंतरावर. ह्याच्यातही तिथंच बसलाय, हललेला नाही."

"मग तुझी काय चूक?" धाकटी म्हणाली. "कुणीही फसलं असतं."

"माझी चूक कात्रीची," आक्का म्हणाली. आणि त्या दिवसापासून तिनं कड कापणं बंद केलं. वर तारीख ठेवायची, खाली मोठी अक्षरं ठेवायची, आणि घडी अशी की दोन्ही पिशवीच्या तोंडावरच. खळ धरत नव्हती तर दोनदा लावायची, पण तारीख राहिली पाहिजे.

पिशव्या दुकानात गेल्या आणि गंमत सुरू झाली. लोक साखर घ्यायचे आणि वाचायचे. "अरे, गेल्या सालीच जिंकलोय की आपण! मग माझा भाचा अजून तिकडं काय करतोय, दुसऱ्यांदा जिंकतोय का?" दुसरा म्हणायचा, "मला जरा जुना विजय दे रे, ताजा पचत नाही." आधी लोक पेपर वाचून मान हलवायचे, आता पेपर वाचून तीच बातमी असलेली जुनी पिशवी शोधायचे. आतापर्यंत मनात होतं सगळ्यांच्या, पण दुसऱ्याच्याही मनात तेच आहे हे शेठच्या दुकानात साखर तोलताना कळलं. त्यावरूनच शेठला दम मिळाला.

"मी काय करू सांगा," शेठ आता काकुळतीला आला. "मलाही बायकापोरं आहेत."

"मलाही एक आहे," आक्का म्हणाली. "दर रविवारी फोन करायचा. नदीपलीकडचं ठाणं जिंकलं असं छापून आलं, त्या दिवसापासून फोन नाही. तू मला प्लॅस्टिकची भीती घालू नकोस. मोठी अक्षरं बाहेरच राहणार. नको असतील तर नेऊ नकोस."

शेठ वाळलेला गठ्ठा उचलून, काखेत मारून चालू लागला. जाताना एवढंच म्हणाला, "तुम्ही मला गोत्यात आणणार."

दुसरं भांडण दुपारी. मोटारसायकलवरून एक पेपरवाला आला, गळ्यात कॅमेरा. विजयाची खास पुरवणी निघणार होती, त्यात लढाईवर गेलेल्यांच्या आयांचे फोटो.

"आजी, जरा दारात उभ्या राहता का? उजेड चांगला आहे."

"आजी कुणाची? माझ्या पोराचं लग्न व्हायचंय अजून."

"बरं, मावशी. जरा हसा. तुमच्या मुलाच्या तुकडीनं ठाणं जिंकलंय. एकाही माणसाला खरचटलं नाही."

आक्काच्या हाताला कोपरापर्यंत खळ होती. ती तशीच दारात आली. धाकटी मागून म्हणत होती, आक्का, नको, तुझ्या छातीत सकाळपासून दुखतंय. ऐकते कोण!

"खरचटलं नाही? तू बघितलंस?"

"वरून तसं आलंय, मावशी. वरून येतं ते आम्ही छापतो."

"मग वरच्याला घेऊन ये. माझ्याकडं कामाला बसव. जे येईल त्याची घडी घालायची, एवढंच तर जमतंय त्याला."

गल्लीतली माणसं दारादारात आली. कुणीतरी खिक् करून हसलं. पेपरवाल्याचे कान लाल झाले, पण त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

"ठाणं जिंकलं ना?" आक्काचा आवाज चढला. "मग जिंकलेल्या ठाण्यातून एक फोन लागत नाही? एक? माझा पोरगा कुठाय ते छाप! हसायचं मी नंतर बघते. आधी ते छाप, पोरगा कुठाय!"

फोटो निघाला. मोटारसायकल गेली. आक्का वळली, जागेवर येऊन बसली, धाकटीला म्हणाली, "च्यायला, दमवलं त्यानं. चहा टाक." धाकटी चहा घेऊन आली तेव्हा आक्का रद्दीच्या थप्पीला टेकली होती. हातात अर्धी घडी. डोळे उघडेच, आणि भुवया चढलेल्या, जसं अजून एक वाक्य बोलायचं राहिलंय.

डॉक्टर म्हणाला, हृदय. गल्लीतली सगळी माणसं तिला पोचवायला आली. शेठनं दुकान बंद ठेवलं. बारक्याला कळवायचं तर कुठं, हे कुणालाच माहीत नव्हतं, अजूनही नाही.

पुरवणी निघाली त्या दिवशी शेठच पेपर घेऊन घरी आला. त्यानं तो धाकटीपुढं ठेवला. आक्काचा फोटो चांगला मोठा होता, अर्ध्या पानाचा. तोंड सताड उघडं, हात वर. खाली छापलं होतं, 'विजयाच्या वार्तेनं हर्षभरित झालेली माता. नुकतंच त्यांचं घरी शांतपणे निधन झालं.'

धाकटीनं ते दोनदा वाचलं. "शांतपणे," ती म्हणाली. "आमची आक्का. शांतपणे!"



पातेल्यात आदल्या दिवशी नुसती सवयीनं केलेली खळ होती. धाकटीनं ती पाणी घालून ढवळली. आक्का गेल्यापासून तिनं घडी घातली नव्हती, ते काम आक्काचं. तिनं पान पुढ्यात घेतलं. वरची कड कापली नाही. बाजू दुमडल्या. मग बुडाची घडी घालताना थांबली, बोटानं मापलं, आणि घडी जरा वर घेतली, अशी की फोटो सगळा बाहेर राहिला आणि खालच्या त्या दोन्ही ओळी बुडाच्या आत गेल्या. वर भरपूर खळ लावली. पुन्हा उघडणार नाही एवढी.

गल्लीतून पुरवणीच्या जेवढ्या प्रती मिळाल्या तेवढ्या तिनं गोळा केल्या. शेठच दारोदार फिरला. वाळेपर्यंत बसूनही राहिला.

दुसऱ्या दिवशी एक नवखा माणूस दुकानात आला, साखर मागितली. शेठनं तोलली, पिशवीत ओतली, पुढं सरकवली. माणसानं पिशवी फिरवून बघितली.

"ही बाई एवढं काय ओरडतेय?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळी शेठकडे बघायला लागली. शेठनं गल्ल्यावरचा हात काढला.

"पोरगा कुठाय, विचारतेय," तो म्हणाला. "तिला अजून कुणी सांगितलेलं नाही."