सप्ताहातली इंग्रजी चाल

आमच्या घरात गाणे म्हणजे बाबांचे गाणे. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात बाबा खाणीच्या ऑफिसात कारकून होते, पण लोक त्यांना ओळखत पेटीवाले म्हणून. सकाळी अभंग, संध्याकाळी नाट्यगीत. मधल्या वेळात बाबा कामावर असले की आईची जुनी हिंदी गाणी, तीही भाजी चिरताना, ओठांतल्या ओठांत. बाबांची स्कूटर अंगणात आली की आई गप्प. ते तिला कधी रागावल्याचे मला आठवत नाही. फक्त विचारायचे, हे काय आता? तेवढे पुरे व्हायचे.

मी एकुलती, त्यात आवाज बरा. म्हणजे सुटका नाहीच. शाळेतून आले की चहा-पाव आणि लगेच पेटीसमोर बैठक. जनेलातून मैत्रिणी खेळताना दिसायच्या आणि मला त्या खोलीत कोंडल्यासारखे व्हायचे. अभंगांवर माझा राग नव्हता. तुला काय आवडते, हे त्या घरात कोणी कधी विचारलेच नाही, याचा होता. अजून आहे.

मला आवडत होते एक इंग्रजी गाणे. मांद्र्याला माझी आते दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने द्यायची. मे महिन्यात तिथल्या एका पाहुणीच्या स्पीकरवर ते दिवसभर वाजत होते. आतेबहिणीने ते मला आईच्या जुन्या मोबाइलमध्ये घालून दिले. निम्मे शब्द कळत नव्हते. न्हाणीत नळ सोडून मी ते ऐकायची. त्या तीन-चार मिनिटांवर बाबांचा हक्क नव्हता, म्हणून ते मला जिवापाड आवडायचे.

आमच्या गावचा सप्ताह कार्तिकात. सात दिवस देवळातले भजन तुटता कामा नये. प्रत्येक वाड्याला पार, म्हणजे गायची पाळी, नेमून दिलेला. पुढच्या वाड्याने टाळ हातात घेऊन, चालू असलेला अभंग त्याच चालीत उचलल्याशिवाय आधीच्यांनी जागचे हलायचे नाही. आमचा पार दुपारी दोन ते चार.

त्या वर्षी मी आठवीत होते आणि बाबांचा घसा बसला होता, त्यामुळे ते पेटीवर आणि गाणे सगळे माझ्यावर. चार वाजले, साडेचार वाजले, पुढच्या वाड्याचा पत्ता नाही. खनिजाच्या ट्रकांनी रस्ता अडला होता आणि माणसे पलीकडे अडकली होती. बाबांचा एक हट्ट होता, एका पारात तोच अभंग किंवा तीच चाल दोनदा घ्यायची नाही, लोक नावे ठेवतात. माझ्याजवळच्या चाली संपल्या. बाबांनी वहीत एक अभंग काढून पुढे सरकवला. त्याला चालच बसवलेली नव्हती. पखवाज थांबायला तयार नाही, देवळाचा सगळा चौक माझ्या तोंडाकडे बघतोय. मी तोंड उघडले आणि बाहेर आले ते नेमके न्हाणीतले गाणे.

शब्द अभंगाचे, चाल त्या पाहुणीच्या स्पीकरवरची. दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आले, पण थांबणार कशी? भजन तुटले असते. मी बाबांकडे पाहिले. खरे सांगते, त्यांनी रागवावे असे मला वाटत होते. पेटी मिटून म्हणाले असते की उद्यापासून गाऊ नकोस, तर मी सुटले असते. पण त्यांची बोटे चालीवर बसली आणि त्या बसलेल्या घशाने त्यांनी ध्रुपद उचलले. बायका टाळ्या धरू लागल्या. तेवढ्यात पुढच्या वाड्याची माणसे धापा टाकत आली आणि रिवाजाप्रमाणे त्यांनीही तीच चाल उचलली. आम्ही घरी पोचलो तरी ती देवळात चालूच होती.

बाबांनी विचारले, चाल कुठली? कुठेतरी ऐकली, मी म्हणाले. तरी त्यांनी वहीत त्या अभंगावर चालीसाठी माझेच नाव घातले. त्यांच्याकडून मिळालेली ती माझी पहिली शाबासकी, आणि मला रडू फुटत होते. दुसऱ्या दिवशी न्हाणीत गाणे लावले, तर त्या गायिकेच्या आवाजामागे मला टाळ, पखवाज आणि बाबाच ऐकू येऊ लागले. मी ते मोबाइलमधून पुसून टाकले.

आता मी मुरगावला बंदरावरच्या एका कचेरीत काम करते. घरी रेडिओसुद्धा ठेवलेला नाही. तरी दर कार्तिकात रजा काढून तो पार सांभाळते, कारण लोक ती चाल मागतात. गेल्या वर्षी धीर करून बाबांना फोनवर सांगितले, यंदा मी येत नाही, वाड्यातल्या दुसऱ्या कोणाला बसवा. ते चिडले नाहीत. एवढेच म्हणाले, "चाल तुझीच न्हय गो? मग दुसरो कोण म्हणतलो?"

त्यांची चाल असती तर मी नाही म्हटले असते. मी रजेचा अर्ज लिहायला घेतला.