जायफळाचे चार वेढे

औंढ्यात खोली करून राहिले तेव्हा मी आणि माझी चार वर्षांची लेक, एवढाच संसार होता. नवरा पुण्याला नोकरीत. मी लांबच्या एका खेड्यात शिक्षिका, म्हणून लेक दिवसभर शेजारच्या, शिवणकाम करणाऱ्या खालांकडे. गावच्या पोरांना वळण लावायचं, आणि स्वतःचं लेकरू रात्रीचे अकरा वाजले तरी डोळे टक्क उघडे ठेवून बसलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

थोपटता थोपटता मला रडू यायचं. तिची दया येऊन नव्हे, स्वतःची. बोलायला कुणी नाही, आणि जे एक होतं ते झोपू देत नव्हतं.

नणंदेने परदेशातून झोपेच्या चघळायच्या गोळ्या आणल्या, संत्र्याच्या चवीच्या. "तिकडं सगळेच देतात," म्हणाली. एरवी शंभर प्रश्न विचारणारी मी, इथे डॉक्टरला एक प्रश्न विचारला नाही. आधी एक द्यायचे, मग दोन. चॉकलेट म्हणून. खाला रागावतील म्हणून त्यांना सांगितलं नाही.

खालांनीही मला सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही. जायफळ हे औषध आहे असं त्यांच्या मनातच आलं नाही. संध्याकाळच्या दुधात सहाणेवर उगाळून दोन वेढे. फरक पडेना तेव्हा तीन, मग चार.

एका रविवारी दहा वाजले तरी लेक उठेना. हलवलं तर मान लुळी पडली. मी किंचाळले, खाला धावत आल्या, आणि रिक्षात घालून आम्ही दवाखाना गाठला.

"काय काय दिलं? सगळं सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी मांडीवरची पर्स घट्ट धरली. खालाच बोलल्या, "मी तं निस्तं जायफळ देऊन राहिले, बाई. असी तकलीफ होईल वाटलंच न्हाई."

मग मी पर्समधून बाटली काढली, चॉकलेट म्हणून दोन देते म्हणाले. खालांनी बाटली माझ्या हातातून घेऊन डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली.

दुपारी लेकीने डोळे उघडले, पाणी मागितलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "जायफळसुद्धा औषधच. दोन्ही आजपासून बंद. गोळी लागलीच तर किती आणि किती दिवस, ते मी ठरवीन. आणि गोळीला चॉकलेट म्हणू नका, उद्या पोरगी बाटलीच रिकामी करील. कुलपात ठेवा." मग त्या लेकीकडे वळल्या. "झोपत काहून न्हाई गं तू?"

मी तोंड उघडलं. मोबाईल, दुपारची झोप, सगळी कारणं तयार होती.

लेक म्हणाली, "झोपलं की मम्मी निघून जाती."

माझी एसटी पहाटेची. मी तिला झोपेतच खालांच्या अंथरुणात नेऊन टाकायचे, उठली तर रडेल म्हणून चपला हातात घेऊन. जाते म्हणून तिला एकदाही सांगितलं नव्हतं.