निखिलचा डावा कान आणि मी निवडलेला सायलेन्सर

टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडच्या ग्रुपमध्ये कुणाकडे जेवायला जमलो की ताटं उचलली जाईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "अगं, ती सायलेन्सरची गोष्ट सांग ना." आता ती एक गोष्ट राहिलेली नाही. सांगता सांगता तिला पिल्लं झाली आहेत, आणि प्रत्येकीत वेडी मीच आहे. तेव्हा इतरांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते.

सुरुवात शशीकाकांच्या शेतापासून. काका नागपूरचे, तेलाच्या कंपनीतून रिटायर झालेले. इथून दीड तासावर त्यांची जमीन आहे आणि त्या जमिनीवर रानडुकरं. काकांचे रताळ्यांचे वाफे ती नांगर फिरवल्यासारखे उकरून ठेवतात. काकांचे गुडघे आता मचाणावर चढू देत नाहीत, म्हणून माझा नवरा निखिल रायफल घेऊन चढतो. पुण्यात असताना झुरळ दिसलं की हाच माणूस मला हाक मारायचा.

एका रविवारी कानांवर लावायचे इअरमफ गाडीत विसरले म्हणून त्याने तसेच चार बार काढले. तेव्हापासून त्याच्या डाव्या कानात रातकिडे ओरडतात.

*

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. डाव्या कानाला बारीक, वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतील.

"म्हणजे कुणाचे?" मी विचारलं.

"लहान मुलांचे. बायकांचे."

आमची मुलगी रेवा तेव्हा दीड वर्षाची होती, आणि तिचा आवाज एवढासा. बाबाच्या डाव्या बाजूला असताना ती पडली, तिने हाक मारली आणि त्याला ऐकूच आलं नाही तर? दोन दिवस मी झोपले नाही. शेवटी मन मोकळं करायला ग्रुपवर लिहिलं. संध्याकाळपर्यंत तीन नवऱ्यांनी त्या डॉक्टरांचा नंबर मागितला होता. आपल्यालाही असं काहीतरी लिहून मिळेल का, म्हणून.

*

शूटिंग बंद कर, असं सांगता आलं असतं. पण रेवाच्या वेळी माझ्या आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा शशीकाकांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दीड महिना आमच्याकडे राहिल्या होत्या. त्यांच्या रताळ्यांना नाही कसं म्हणायचं? निखिल म्हणाला, रायफलला सायलेन्सर लावू, टेक्सासमध्ये चालतो. मी म्हटलं, चालेल, पण निवडणार मी.

आमच्या घरात स्ट्रोलर, कार सीट, दुधाची बाटली, सगळं मी एक्सेल शीट करून निवडलंय. नवी शीट कशाला, म्हणून कार सीटचीच उघडली आणि वरचं नाव बदललं. वजन, लांबी, धातू, आवाज किती कमी होतो, लोकांचे रिव्ह्यू. तीन आठवडे रोज रेवाच्या दुपारच्या झोपेत ती भरली आणि प्रिंट काढून दुकानात नेली.

दुकानदाराचं नाव बिल, पांढऱ्या मिशांचा, गंभीर माणूस. त्याने चष्मा लावून एकेक कॉलम मन लावून वाचला. मग शीट खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, बाकी सगळं सांगतो. पण मूल मागे तोंड करून कितव्या वर्षापर्यंत बसवायचं, ते मला सांगता येणार नाही."

*

बिलने आधी माझा गैरसमज दूर केला. सिनेमात होतं तसं नुसतं 'फुस्स' होत नाही, आवाज येतोच. कानाचा पडदा हलवणारा दणका तेवढा कमी होतो, तेव्हा इअरमफ तरीही घालायचेच. मग त्याने दोन सायलेन्सर काउंटरवर ठेवले, एक स्टीलचा, एक टायटॅनियमचा. दिसायला दोन्ही थर्मासच्या धाकट्या भावासारखे. मी दोन्ही हातात तोलून पाहिले आणि विचारलं, "डिशवॉशरमध्ये चालतो का?"

बिल म्हणाला, तीस वर्षं दुकानात उभा आहे, हे पहिल्यांदा ऐकतोय.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, आवडला नाही तर परत करता येईल ना? आम्ही या देशात सहा महिने वापरलेली गादी परत केलेली माणसं आहोत. बिल म्हणाला, नाही. एकदा तुमच्या नावावर चढला की तो तुमचाच.

परत करता येत नाही अशी इथे आल्यावर घेतलेली ही माझी दुसरी गोष्ट. पहिली रेवा. मी स्टीलचा घेतला.

*

सायलेन्सर एकट्या निखिलच्या नावावर असता तर तो घरी नसताना रायफलच्या तिजोरीची किल्ली माझ्याकडे असणंसुद्धा बेकायदा, असं बिल म्हणाला. आणि किल्ली माझ्याकडेच हवी होती, कारण रेवा उघडत नाही अशी वस्तू अजून बनलेली नाही. म्हणून आम्ही दोघांचा ट्रस्ट करून त्याच्या नावावर घेतला. मग सरकारी मंजुरीसाठी दोघांचे फोटो आणि दोघांच्या बोटांचे ठसे आले.

निखिलचे ठसे दोन मिनिटांत झाले. माझे मशीन घेईना. तिथल्या बाईंनी माझी दहाही बोटं पुसली, दाबली, दिव्याखाली धरली आणि सहानुभूतीने विचारलं, "तुम्ही विटांचं बांधकाम करता का?"

मी म्हटलं, नाही, मला लहान मुलगी आहे. दिवसातून तीस वेळा साबण आणि मध्ये मध्ये सॅनिटायझर लावून मी स्वतःची ओळखच धुऊन टाकली होती. बाईंनी क्रीम लावून दोन आठवड्यांनी यायला सांगितलं, आणि तोपर्यंत सॅनिटायझर बंद.

काकू म्हणाल्या, "मी वर्षभरापासून हेच सांगून राहिली. आता सरकारने सांगितल्यावर ऐकलं."

*

मंजुरी आल्यानंतरच्या शनिवारी आम्ही शेतावर गेलो. निखिल टेकाडापलीकडे मचाणावर बसला. मी, काका आणि काकू घराच्या ओट्यावर, रेवा आत झोपलेली. मी जिवाचा कान करून ऐकत होते. तासभर काहीच ऐकू आलं नाही.

मला स्फुरण चढलं. काकांना सांगितलं, बघा, वजन थोडं जास्त आहे, पण निवड कशी आहे? तीन-चार बार तरी झाले असतील, रेवाने कूससुद्धा बदलली नाही. बिल उगाच घाबरवत होता.

"मानलं पोरी," काका म्हणाले. "पुढची रायफलही तूच निवड."

उजेड संपायच्या आत निखिल परत आला आणि आधी रायफल पेटीत ठेवून कुलूप लावलं.

"किती पाडले बे?" काकांनी विचारलं.

त्याने एकही गोळी झाडलेली नव्हती.

काकूंनी चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. काकांनी विचारलं, डुक्कर आलंच नाही का?

"आली होती ना. मोठी डुकरीण, अगदी समोर," निखिल म्हणाला. "इअरमफ कानावर ओढणार, तेवढ्यात मागच्या गवतातून चीं चीं ऐकू आलं. पिल्लं होती तिची. दिसत नव्हती, नुसता आवाज. एकदम बारीक."

काकांनी कपाळाला हात लावला आणि रताळ्यांबद्दल बोलू लागले. निखिल माझ्याकडे बघत होता.

"कुठल्या कानाने?" मी विचारलं.