जुना होऊ दिला न्हाई

हौद म्हणलं की लोकांच्या डोळ्यांपुढं घरामागची सिमेंटची टाकी येते. आमचा तसा नव्हता. जालन्याच्या जुन्या भागात, आमच्या गल्लीच्या मधोमध, काळ्या दगडाचा. कोणी बांधला हे कुणालाच धड ठाऊक न्हाई. कुणी निजामाच्या काळातला म्हणायचं, कुणी त्याच्याही आधीचा. मी मंठ्याकडून लग्न होऊन आले, तेव्हा देवाच्या पाया पडून झाल्यावर सासूबाईंनी मला थेट हौदावर नेलं अन् म्हणाल्या, ह्याची ओळख करून घे, नवऱ्यापेक्षा ह्याच्याशीच तुझं जास्त पडणार आहे. तसंच झालं बघा.

आधी त्यात तळ्याकडून खापराच्या नळांनी पाणी यायचं. ते बंद पडलं, मंग टँकर त्यात रिकामा व्हायला लागला. घरोघर नळ आले, पण आमच्याकडं नळाचं पाणी म्हणजे पाव्हणा, येईल तेव्हा खरं. म्हणून हौद काही सुटला न्हाई. दर वर्षी उन्हाळ्याआधी तो तळाला गेला की आम्ही बाया आत उतरायचो, विटेच्या तुकड्यानं शेवाळ घासायचो अन् दगडांच्या फटी चुन्यानं भरायचो. सिमेंट लावायचं न्हाई हा दंडक होता. चुना भिजवायचा, त्यात गुळाचं पाणी अन् बेलफळाचा गर घालून पाट्यावर वाटायचा. बोटांची सालं निघायची.

वाटायला माझ्या जोडीला पलीकडच्या आळीतली माझी मैतरीण असायची. ती बौद्ध घरातली. तिच्या सासूच्या तरुणपणी त्यांच्या बायांना हौदाला हात लावू देत नव्हते. कुणी वरून ओतलं तर घागर भरायची, न्हाईतर उभं राह्यचं. मंग एक दिवस त्या सासूनं कुणाला न विचारता आपल्या हातानं घागर बुडवली. गल्लीत लई आरडाओरडा झाला म्हणे, पण घागर भरून गेली ती गेलीच. मैतरीण हे सांगताना काठावरची ती जागा हातानं दाखवायची.

मागच्या साली कचेरीतून निरोप आला. रस्ता रुंद करायचाय, गल्लीत जे खरंच जुनं असंल त्याची माहिती लिहून द्या, ते यादीत घेऊन वाचवू. गल्ली बसली अन् ठरलं की सांगायचं मी, लिहायचं शेजारच्या गुरुजींनी. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखाली शिकलेली. माझे मालक गेले तेव्हा पहिला डबा त्यांच्याच घरून आल्ता.

मी त्यांना सगळं सांगितलं. खापराचे नळ, चुना, मैतरणीच्या सासूची घागर. ती घागर जरूर लिहा म्हणलं, ते हो हो म्हणाले. मधेच विचारतात, "वहिनी, एवढा जुना म्हणता, मंग दिसतो तर कालच बांधल्यावानी."

मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. म्हणलं, "गुरुजी, आम्ही बायांनी त्याला कधी जुना होऊच दिला न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते पक्का कागद घेऊन सहीला आले. मला वाचता येतं बरं का. शाळेत गेले न्हाई, पण किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून शिकले. तरी तो कागद मी वाचला न्हाई. गुरुजी समोर बसलेले, अन् त्यांच्यादेखत त्यांचंच लिहिलेलं तपासायचं म्हणजे शक घेतल्यासारखं. सही केली अन् चहा टाकला.

चार महिन्यांनी जेसीबी आला. आम्ही सगळ्या बाया आडव्या झालो. सोबतच्या साहेबानं ओरडा न्हाई केला, फाइल उघडून कागद माझ्या हातात दिला अन् म्हणाला, आजी, तुमच्याच गल्लीनं दिलाय. तेच मोत्यासारखं अक्षर. "सदर हौद जुना नाही. रहिवासी महिला वेळोवेळी त्याचे नव्याने काम करत आल्या आहेत." बस. एवढंच. ना नळ, ना घागर. खाली माझी सही.

दुपारपर्यंत हौद राह्यला न्हाई.

मी गुरुजींच्या घरी गेले. ते पेपर वाचत बसल्ते. हे असं कसं लिहिलं म्हणून विचारलं. चष्मा पुसत म्हणाले, "वहिनी, शब्द तुमचेच आहेत की. जुना होऊ दिला न्हाई म्हणलात, मी जुना नाही लिहिलं."

एवढ्या वर्षांची आमची मेहनत त्यांनी आमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून लावली. बाहेर आले तेव्हा ध्यानात आलं. हौद त्यांच्याच दारासमोर होता, अन् त्यांच्या पोरानं घेतलेली गाडी त्याच्यामुळं दारापर्यंत जात नव्हती. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. आता जाते गाडी, बिलकुल पायरीला लागते. येता-जाता ते अजूनही विचारतात, वहिनी, तब्येत बरी ना? मी हूं म्हणते. शेजार आहे, तोंड तरी किती दिवस फिरवणार.

पण त्यांच्याहून जास्त मला दुसरंच लागलं. मैतरीण माझ्या ओट्यावर यायची थांबली. महिनाभर वाट पाह्यली, शेवटी मीच तिच्याकडं गेले. ती ज्वारी निवडत होती. बस म्हणाली, पाणी दिलं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, गुरुजी काय म्हणाले, गाडी कशी उभी असते, सगळं. ती खडे काढत राह्यली. मंग म्हणाली, "आम्ही अंगठेवाल्या. आमच्याकडून कुणी काही लिहून घेतलं तर आमचा इलाज न्हाई. तुला वाचता येतं म्हणून तर तुला बसवल्तं तिथं."

मी म्हणलं, "माझा इश्वास होता गं त्यांच्यावर."

"आमचा बी होता," ती म्हणाली. "तुझ्यावर."