पायानं पारखलेली कुकरी

लेकीच्या ऑफिसातल्या केदारनं कॅम्पची यादी ग्रुपवर टाकली तेव्हा चंद्रभागाबाई रामटेके खराडीतल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत पालक निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा पदराला पुसला आणि यादी वरपासून वाचली. तंबू, केदार. पाणी, पूर्णिमा. सरपण, सौरभ. सामान, दीक्षा. सगळ्यात खाली लिहिलं होतं : दीक्षाची आई, बसतील.

"हे काय गं?" त्यांनी फोन लेकीच्या नाकापुढे धरला.

"अगं, प्रेमानं लिहिलंय त्यानं. तुला त्रास नको म्हणून."

"बत्तीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात बसलेच ना मी? आता आणखी बसायला भोरच्या धरणापर्यंत कशाला जाऊ?"

जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या होत्या आणि तेव्हापासून जो भेटेल तो त्यांना बसायलाच सांगत होता. बसमध्ये पोरं उठून जागा द्यायची. लग्नात खुर्ची पुढे यायची. सोसायटीच्या मीटिंगला त्यांनी हात वर केला, तर सेक्रेटरी म्हणाले, "बसा हो काकू, तुम्हाला उभं राहायची गरज नाही." त्यांना मत मांडायचं होतं.

बाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. लहानपणी दर ऑक्टोबरात बापाचं बोट धरून नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या. उघड्या मैदानात मुक्काम, तीन विटांची चूल, चहूकडे धूरच धूर. तिथं पाच वर्षांच्या पोरीलाही काटक्या वेचायचं काम असे. ज्याला काम नाही तो आजारी, अशी त्यांच्या आईची साधी व्याख्या होती. दीक्षाच्या ऑफिसातली पोरं तंबूत राहायला जाणार म्हटल्यावर त्या हरखल्या होत्या, ते त्या धुराच्या आठवणीनं. आणि यादीत बघावं तर बसतील!

त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'भाजी मी चिरीन. चंद्रभागा रामटेके.'

केदारचं उत्तर लगेच आलं. 'काकू, तिथं विळी नसते हो. चाकू लागतो. आणि आपलं हत्यार आपणच आणायचं असा नियम आहे.' पुढे हात जोडलेलं चित्र.

दुखरी नस बरोबर दाबली गेली. चाकूशी बाईंचं कधी जमलंच नव्हतं. पातं एका जागी राहतं आणि भाजी त्याच्याकडे जाते, हे त्यांचं जन्माचं शास्त्र. चाकूचं सगळं उलटं. भाजी पडून राहणार आणि पातं फिरणार. त्यात दोनदा बोट कापून झालं होतं.

"मग विळीच नेते," त्या म्हणाल्या.

"पाठीवरच्या सॅकमध्ये?" दीक्षानं विचारलं. "आणि मागून येणाऱ्यानं काय करायचं?"

बाई पुन्हा पालक निवडायला लागल्या.

उत्तर मिळालं ते सोसायटीच्या फाटकापाशी, मनमायाच्या मोमोच्या गाडीवर. मनमाया नेपाळातल्या पोखऱ्याकडची. अकरा वर्षं पुण्यात काढून तिनं आपली वेगळीच मराठी तयार केली होती. गाडीखालून हातभर लांबीचं, पुढे वाकलेलं पातं काढून ती कोबी कापत होती. पातं आत वळलेलं, पोट मोठं. बाई बघत राहिल्या.

"ही आपली विळीच की गं! फक्त उठून चालायला लागलेली."

मनमाया हसली. "आमच्या घरी पण विळी असते, दीदी. चुलेसी बोलतो. पाय ठेवून कापतो. ही खुकुरी. जंगलात चुलेसी कोण नेणार? मग हिलाच पायाखाली धरायची."

बाईंच्या हातातला मोमो वाटेतच थांबला. "पायाखाली?"

"हां. पण मोठी नको. छोटी पाहिजे."

मंगळवारी गाडीला सुट्टी. दोघी बसनं रविवार पेठेत उतरल्या आणि बोहरी आळीतल्या एका अवजारांच्या दुकानात शिरल्या. मालक पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही.

"कुकरी आहे का?" बाईंनी विचारलं.

"बघायचीय की घ्यायचीय?"

"न बघता देता का तुम्ही?"

पेपर खाली आला. मालकांनी तीन कुकऱ्या काउंटरवर मांडल्या. पहिली पितळी सिंहाच्या मुठीची, लाल मखमली म्यानातली. बाईंचं मन तिच्यावरच बसलं. कॅम्पवर ही उपसली की केदारचा चेहरा कसा होईल, हेही त्यांनी मनात बघून घेतलं.

मनमायानं ती उचलली, पात्यावर नखानं टिचकी मारली, आवाज ऐकला आणि परत ठेवली. "दीदी, ही भिंतीवरची. हिनं लोणी पण नाही कापणार."

"वा! लोण्यापर्यंतची चौकशी," मालक म्हणाले. दुसरी काळी, भक्कम. बाईंनी ती उचलली आणि मनगट काउंटरकडे झुकलं. तिसरी वीतभर पात्याची, साध्या लाकडी मुठीची. मुठीचं टोक शेवटाला पसरलेलं. मुठीजवळ पात्याला एक छोटी खाच होती.

"ही खाच कशाला?"

"परंपरा आहे," मालक म्हणाले.

"आमच्यात दहा माणसं दहा गोष्टी सांगतात," मनमाया म्हणाली. "मी विचारणं सोडलं."

बाईंनी ती हातात तोलली. चांगली वाटली. पण चाकूही दुकानात चांगलेच वाटतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, चप्पल काढली आणि सरळ दुकानाच्या फरशीवर बसल्या.

"अहो, काय करताय?" मालक उभे राहिले. "इथं बसायची सोय नाही."

"माहीत आहे. सगळीकडे असते, इथं नाही म्हणूनच बरं वाटलं."

त्यांनी आधी सिंहाची मूठ पायाखाली दाबली. गोल पितळ फरशीवर गरकन फिरलं. काळीची मूठ इतकी जाड की तळव्याला रग लागली. तिसरीची मूठ मात्र अंगठा आणि शेजारच्या बोटामध्ये अलगद बसली. पसरलेलं टोक मागे अडकलं आणि पातं धार त्यांच्याकडे करून स्थिर उभं राहिलं. बाईंनी पिशवीतून बटाटा काढला. तो त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. दोन्ही हातांनी पुढे नेला. सर्र. बटाट्याचे दोन चंद्र झाले.

मालकांनी दोन्ही फोडी उचलून पाहिल्या.

"चाळीस वर्षांत," मालक म्हणाले, "पायानं माल पारखणारं गिऱ्हाईक पहिलंच."

"बूट घेताना काय करतात?" बाई म्हणाल्या. "हीच द्या."

परतताना मनमायानं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. म्यान मागून धरायचं, जाड बाजूनं. धारेकडे बोटं न्यायची नाहीत. ओढताना पातं चामडं कापून बाहेर येतं. बाईंनी ते कार्यालयातल्या परिपत्रकासारखं पाठ केलं.

शनिवारी दुपारी भोरकडे धरणाच्या काठावर तंबू उभे राहिले. पाण्यावरून वारा येत होता, गवत एका बाजूला झोपत होतं. केदारनं सतरंजी अंथरली आणि थोपटली. "काकू, बसा."

"बसतेच."

त्या बसल्या. पिशवीतून कुकरी काढली, म्यान जाड बाजूनं धरून पातं उपसलं, मूठ पायाच्या बोटांत रोवली. पहिला कांदा, दुसरा, तिसरा. पोरं आपापली कामं टाकून गोळा झाली. पूर्णिमाच्या हातातला पाण्याचा कॅन तिरपा झाला होता, तिला पत्ता नव्हता. चौदा माणसांचा रस्सा होता. सौरभनं आणलेलं जाड सरपण पेट घेईना, तेव्हा बाईंनी कुकरी हातात घेऊन त्याच्या बारीक चिरफळ्या केल्या. पातं फिरवायलाही त्यांना आता भीती वाटली नाही. तीन दगड रचून चूल पेटवली. धूर डोळ्यांत गेला आणि त्यांनी तो जाऊ दिला.

"काकू, मला बघू ना," केदार म्हणाला.

"बघ. पण म्यान जाड बाजूनं…"

त्यानं म्यान मुठीत घट्ट आवळलं आणि सिनेमातल्यासारखी कुकरी उपसली. मग अंगठा तोंडात घातला.

जखम फार नव्हती. दीक्षानं पट्टी बांधली. बाईंनी पातं पुसलं, म्यानात घातलं आणि त्या पुन्हा रस्सा ढवळायला लागल्या. नोकरीत त्या हेच शिकल्या होत्या, की फाईल आपोआप टेबलावर आली की घाई करायची नसते.

थोड्या वेळानं सगळ्यांचे फोन वाजले. दीक्षानं यादी बदलून टाकली होती. भाजी आणि चूल, चंद्रभागा रामटेके. तंबू, सौरभ. सगळ्यात खाली : केदार, बसेल.

केदारनं वाचलं. कान लाल झाले. पट्टी बांधलेला अंगठा उभा धरून तो चुलीपाशी आला. "काकू, खरंच काही काम द्या ना. नुसतं बसवत नाही हो."

चंद्रभागाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. सतरंजीवर थोडं सरकून जागा केली आणि लसणाचा गड्डा त्याच्यापुढे ठेवला.

"ये," त्या म्हणाल्या. "सोलायला एक अंगठा पुरतो."